इंग्रजीत बडबडे व्हायचंय? आधी पदवी निवडा

मराठीत तुमच्या तोंडाचा पट्टा चालतो हे घरच्यांनी केव्हाच मान्य केलंय. इंग्रजीत नाव काढायचं तर मात्र नुसतं भरपूर बोलून भागत नाही. तिथे प्रत्येक पदवीची पात्रता वेगळी.

सगळ्यात स्वस्त 'चॅटरबॉक्स'. ती लाडाने आणि बहुधा पोरांना मिळते. चाळिशीनंतर कोणी दिलीच, तर त्याचं तुमच्याकडे काहीतरी काम अडलंय असं समजा.

'मोटरमाउथ'ला वेग लागतो. साधं इंग्रजी बोलणं मिनिटाला 150 शब्दांच्या आसपास चालतं. तुम्ही 200च्या खाली येऊ नका. नवशिके इथे हटकून एक चूक करतात: वाक्य संपवून श्वास घेतात. तेवढ्या फटीत समोरचा घुसतो आणि सगळी मेहनत पाण्यात. श्वास वाक्याच्या पोटात घ्यायचा. 'अँड', 'बट', 'बिकॉज' यांतलं एक ठणकावून म्हणायचं आणि मगच छाती भरून घ्यायची. 'बिकॉज' ऐकल्यावर सभ्य माणूस मध्ये तोंड घालत नाही, आणि त्याच्या सभ्यतेवरच तर तुमचा धंदा उभा आहे.

'ब्लॅबरमाउथ'ला वेग नको, माल हवा. तोही दुसऱ्याचा. स्वतःचं गुपित फोडून ही पदवी मिळत नाही. 'कोणाला सांगू नकोस' एवढं प्रत्येकाला न विसरता सांगा, म्हणजे बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचते.

लंडनमध्ये तुमच्या न संपणाऱ्या बडबडीला कोणी 'रॅबिटिंग ऑन' म्हणालं तर ससा शोधू नका. तिथल्या कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतल्या मंडळींनी 'टॉक'च्या जागी यमक जुळवून 'रॅबिट अँड पोर्क' केलं, आणि पुढे पोर्क खाऊन टाकलं.

खरा मान 'विंडबॅग'चा. 'गॅसबॅग' त्याचाच सख्खा भाऊ. लांबण, भारदस्त आवाज आणि आत नुसता वारा, तिन्ही एकदम जमलं पाहिजे. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे माजी नेते नील किनॉक यांना विरोधकांनी 'वेल्श विंडबॅग' हे नाव चिकटवलं, ते आजवर सुटलेलं नाही. लांबणीचा आदर्श हवा असेल तर अमेरिकी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड. 1957 साली नागरी हक्क विधेयक अडवायला ते 24 तास 18 मिनिटं बोलले. सिनेटमध्ये बोलणाऱ्याला खाली बसता येत नाही की बाहेर जाता येत नाही, त्यामुळे मध्येच लघवीला जायची पाळी येऊ नये म्हणून त्यांनी आधी वाफेचं स्नान घेऊन अंगातलं पाणी काढलं होतं. मजकूर कमी पडू नये म्हणून राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचून दाखवले. विधेयक शेवटी मंजूर झालं, पण तुम्ही निकालाकडे बघू नका, दम बघा.

आता नेहमीची अडचण. ऐकणारा घड्याळाकडे बघू लागला, तर गडबडून आवरतं घेऊ नका. उलट त्यालाच विचारा, किती वाजले? तो सांगायला लागला की अर्ध्यावर तोडा: 'बिकॉज...'