"मेलेल्या बटू गॅलेक्सी" वाला मेसेज: एकेक मुद्दा घेऊ

पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. आधी शाळेच्या बॅचचा ग्रुप, मग सोसायटी, मग आमच्या आकाशदर्शनवाल्यांचाच ग्रुप (इथे तरी लाज वाटायला हवी होती राव), आणि शेवटी घरच्या ग्रुपवर मावशीने, खाली हात जोडलेले इमोजी लावून. एका धुरकट पांढऱ्या ठिपक्याचा फोटो आणि मजकूर थोडक्यात असा: कन्या राशीतल्या गॅलेक्सी क्लस्टरमध्ये (म्हणजे गॅलेक्सींच्या घोळक्यात) "मेलेल्या" बटू लंबवर्तुळाकार गॅलेक्सींचं स्मशान आहे, या म्हणजे राक्षसी एम८७ ची (त्याच क्लस्टरमधली प्रचंड लंबवर्तुळाकार गॅलेक्सी) छोटी कॉपी, नुसते गुळगुळीत गोळे, आत काही घडत नाही, एकही नवा तारा नाही, विश्वाच्या सुरुवातीला जन्मल्या आणि तेव्हापासून जशाच्या तशा, आणि मोठी गॅलेक्सी त्यांना गिळते तेव्हा मागे नामोनिशाणही उरत नाही.

यातलं एक वाक्य बरोबर आहे, दोन अर्धवट आहेत आणि बाकी चूक. मावशीला फोनवर सांगायला गेलो तर म्हणाली, "मग लिही की, मी तेही फॉरवर्ड करते." म्हणून लिहितोय. या बटू लंबवर्तुळाकार गॅलेक्सींना अभ्यासक नुसतं डीई (ड्वार्फ एलिप्टिकल) म्हणतात, मीही तेच लिहिणार, सारखं लंबवर्तुळाकार टाइप करून बोटं दुखतात.

आधी बरोबर आहे ते. क्लस्टर खरा आहे, साधारण ५.४ कोटी प्रकाशवर्षं लांब. उत्तरा नक्षत्राचा ठळक तारा आणि कन्येतला विंडेमिएट्रिक्स यांच्यामधला आकाशाचा जो तुकडा आहे त्याच भागात. बिंगेली, सँडेज आणि टॅमन या तिघा खगोलशास्त्रज्ञांनी चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेच्या दुर्बिणीने काढलेल्या फोटोप्लेट तपासून १९८५ मध्ये या भागाची यादी छापली, २०९६ गॅलेक्सींची, आणि क्लस्टरच्या सदस्यांत सगळ्यात मोठी संख्या निघाली ती या डीईंची. म्हणजे भरपूर आहेत हे खरं. स्मशान वगैरे मेसेजवाल्याची भर.

आता "एम८७ ची छोटी कॉपी". हे ऐकायला इतकं पटतं की बरीच वर्षं लोक साधारण असंच धरून चालले होते, कारण फोटोत दोन्ही लांबट गोळेच दिसतात. पण १९८५ मध्येच जॉन कॉरमेंडी यांनी आकडे मांडून दाखवलं की मोठ्या लंबवर्तुळाकार गॅलेक्सी जसजशा लहान होत जातात तसतशा त्या मध्यभागी जास्त घट्ट होतात, आणि डीईंचं बरोब्बर उलटं, लहान होत जातील तशा विरळ. कॉपी असती तर उलटी कशी गेली असती? यासाठी कन्येपर्यंत जायचीही गरज नाही, देवयानीतल्या मोठ्या गॅलेक्सीजवळ दोन छोट्या सोबतिणी आहेत, एम३२ आणि एम११०. मागे वांगणीला आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावून बघितल्या होत्या, एम३२ म्हणजे जरा फोकस बिघडलेला तारा वाटतो, आणि एम११० इतकी पसरट की आधी मला काच पुसावीशी वाटली. एक बेसनाचा घट्ट वळलेला लाडू आणि दुसरी जत्रेतले म्हातारीचे केस. डीई म्हणतात ती ही दुसरी. (ती क्लस्टरमध्ये नाही, आपल्या शेजारी आहे, पण जात तीच.)

प्रामाणिकपणे सांगायचं तर हा वाद संपलेला नाही. ग्रॅहम आणि गुझमान यांनी २००३ मध्ये दाखवलं की गॅलेक्सीचा प्रकाश मध्यापासून कडेपर्यंत कसा उतरतो ते नीट जुळवलं तर मोठ्यांपासून छोट्यांपर्यंत एक सलग साखळीही दिसू शकते, तुटलेले दोन गट नव्हेत. म्हणजे "काहीच संबंध नाही" असंही मी छातीठोक म्हणणार नाही. पण "छोटी कॉपी" हे दोन्ही बाजूंपैकी कुणीच म्हणत नाही.

"गुळगुळीत गोळे" हा माझा आवडता मुद्दा, कारण इथे मेसेज नुसता चूक नाही तर ज्या फोटोच्या भरवशावर बोलतोय तो फोटोच त्याला फसवतोय. याच क्लस्टरमध्ये आयसी ३३२८ नावाची एक गॅलेक्सी आहे, यादीत तिची नोंद साधी सरळ डीई, मध्ये एक बारीक ठिपका म्हणजे गाभा, बाकी गुळगुळीत. २००० साली जेरजेन, काल्नाज्स आणि बिंगेली (हो, तेच यादीवाले) यांनी चिलीतल्याच व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीच्या फोटोवर एक सोपी गोष्ट केली. गॅलेक्सीचा सरासरी गुळगुळीत प्रकाश किती ते मोजलं आणि मूळ फोटोतून वजा केलं. जे उरलं त्यात चक्क सर्पिल होतं! दोन भुजा, गाभ्याभोवती बरोब्बर मध्यावर, घट्ट गुंडाळलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे १५ हजार प्रकाशवर्षं. आणि ते आधी कुणाला का दिसलं नाही, तर त्या भुजांचा उजेड आजूबाजूच्या उजेडाच्या फक्त ३ टक्के.

रंग दिलेली भिंत समोरून बघितली की सपाट वाटते, आणि रात्री लाइट गेल्यावर कुणी मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी मारली की सगळे पोपडे, लिंपलेली भोकं, गवंड्याने थापीचे मारलेले हात एकदम वर येतात. तसंच हे. भिंत तीच असते, उजेड कुठून मारला यावर सगळं.

हा अपवाद असेल असं कुणी म्हणेल, मीही म्हटलं असतं. पण २००६ मध्ये लिस्कर आणि सहकाऱ्यांनी कन्येतल्या ४७६ डीई घेऊन सगळ्यांवर असाच प्रयोग केला, आणि १४ मध्ये तबकडी स्पष्ट निघाली, आणखी १० मध्ये बहुतेक आणि १७ मध्ये असावी अशी, म्हणजे भुजा, मधली पट्टी किंवा कडेने दिसणारी तबकडी यातलं काहीतरी. एकूण ४१ म्हणजे दहा टक्केही नाही, असं वाटेल, पण यातल्या सगळ्यात तेजस्वी डीई तेवढ्या वेगळ्या काढल्या तर प्रमाण निम्म्याच्या वर जातं. अंधूक डीईंमध्ये मात्र ते ५ टक्क्यांच्याही खाली येतं, तेव्हा "सगळ्याच डीई लपलेल्या सर्पिल गॅलेक्सी आहेत" असा उलटा मेसेज कृपया कुणी काढू नका.

"एकही नवा तारा नाही." हे अर्धवट. बहुतेक डीईंमध्ये वायू जवळजवळ संपलेला असतो आणि वायू नाही तर तारे कशाचे करणार, इतपत ठीक. पण त्याच ४७६ मधल्या २३ डीईंचा मध्यभाग बाहेरच्या भागापेक्षा निळा निघाला, आणि गॅलेक्सीत निळेपणा म्हणजे तरुण तारे, कारण निळे भारी तारे फार जगतच नाहीत. आपल्या शेजारच्या एम११० मध्ये तर हे फार आधीपासून माहीत आहे, मध्यभागी निळे तरुण तारे आणि धुळीचे काळे डाग, मोठ्या दुर्बिणीच्या फोटोत सरळ दिसतात. मेलेली म्हणायची घाई केलीत तर पेशंट डोळे उघडायचा.

आता सगळ्यात मोठी चूक, "जन्मल्या तशाच आहेत". खरं तर या गॅलेक्सींबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते इथेच आहे, क्लस्टर त्यांना घडवतो, आणि कधीकधी बिघडवतो म्हणा. क्लस्टर म्हणजे नुसता गॅलेक्सींचा घोळका नाही, त्यांच्यामधल्या जागेत अतिशय विरळ पण दोन-तीन कोटी अंश तापलेला वायू भरलेला आहे, तो क्ष-किरणांत दिसतो. समजा एक छोटी, अस्ताव्यस्त, वायूने भरलेली, छान तारे बनवत असलेली गॅलेक्सी बाहेरून ओढली जाऊन यात शिरली. तिचा वेग सेकंदाला हजारेक किलोमीटर. तिच्या दृष्टीने समोरून सोसाट्याचा वारा सुटलाय. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्येच हिशोब करून दाखवलं होतं की हा वारा गॅलेक्सीतला वायू उडवून नेईल आणि ताऱ्यांना मात्र ढिम्म काही होणार नाही.

ज्यांनी खळ्यावर उपणणी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. तिवईवर उभं राहून सूप वर धरायचं, हळूहळू ओतायचं, वाऱ्याने भुसा लांब जाऊन पडतो आणि दाणे सरळ पायाशी. तारे म्हणजे दाणे. वायू म्हणजे भुसा. फरक इतकाच की इथे वारा जागच्या जागी आहे आणि सूपच पळतंय.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित राहिलेलं नाही, याच कन्या क्लस्टरमध्ये एक गॅलेक्सी असं होताना पकडली गेलीय. तिचं नाव आयसी ३४१८. मुख्य अंग बघाल तर जवळजवळ डीई, वायू गेलेला, नवे तारे बनणं २० ते ३० कोटी वर्षांपूर्वी थांबलेलं. पण तिच्या एका बाजूला सुमारे ५५ हजार प्रकाशवर्षं लांब शेपूट आहे, अतिनील प्रकाशात चकाकणारं, आणि त्या शेपटात तरुण ताऱ्यांचे पुंजके आहेत, ज्यांना केनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या पेपरात सरळ "आगीचे गोळे" म्हटलंय. म्हणजे उडून गेलेला भुसाच वाटेत थंड होऊन पेटला, तारे झाले. घरात चूल विझली आणि अंगणात पेटली. अजून काही काळाने शेपूट विरून जाईल, मग जो कुणी तिचा फोटो काढेल त्याला तिथे फक्त गुळगुळीत गोळा दिसणार आणि तोही लिहिणार, जन्मल्यापासून तशीच!

वारा हे एकच कारण नाही. मोठ्या गॅलेक्सी शेजारून भरधाव जाताना गुरुत्वाकर्षणाचे जे धक्के बसतात त्यांनी छोट्या गॅलेक्सीची तबकडी हळूहळू विस्कटते, मूर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं आणि त्याला नाव दिलं छळ. खरंच, शास्त्रीय शब्द आहे तो, सासुरवास म्हणा हवं तर. आणि याचा माग सापडतो. तोलोबा आणि सहकाऱ्यांनी कन्येतल्या डीईंचं फिरणं मोजलं तर क्लस्टरच्या कडेच्या डीई जास्त वेगाने गरगरत होत्या आणि आतल्या बऱ्याचशा मंद. कडेला नव्याने आलेल्यांमध्ये अजून जुनी गिरकी शिल्लक आहे, आतल्या जुन्यांची धक्के खाऊन गेली, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. सगळ्याच डीई अशा बनल्या का? नाही, काही आधीपासूनच इथल्या असणार. पण सगळ्यांना एकच जन्मदाखला लावणं चूक आहे.

राहिलं "नामोनिशाण उरत नाही". बऱ्याच डीईंच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक घट्ट गाभा असतो, मोठी गॅलेक्सी बाहेरचे सैल तारे ओरबाडून नेते, पण हा गाभा सहजासहजी तुटत नाही. बेक्की आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या प्रकाराला जो शब्द वापरला त्याचा अर्थ मळणी असा आहे (मी वर उपणणी लिहिली तेव्हा हे डोक्यातच होतं). कन्येतल्याच एम६० या मोठ्या गॅलेक्सीला चिकटून एम६०-यूसीडी१ नावाचा असा एक दाणा आहे, जेमतेम ३०० प्रकाशवर्षं रुंद, आणि २०१४ मध्ये अनिल सेठ यांच्या टीमने त्याच्या पोटात कृष्णविवर शोधलं, २.१ कोटी सूर्यांच्या वजनाचं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराच्या पाचपट! एवढ्याशा गोष्टीत एवढं कृष्णविवर स्वतःहून बनत नाही, म्हणजे त्याभोवती कधीतरी अख्खी गॅलेक्सी होती. ती बहुधा डीईपेक्षा बरीच मोठी असावी, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मलाच पकडाल.

असाच एक संशयित आपल्याकडून बिनदुर्बिणीचाही दिसतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, वर्षानुवर्षं तारकागुच्छ म्हणून ओळखला गेलेला, आता बऱ्याच जणांचं मत असं की आपल्या आकाशगंगेने कधीकाळी गिळलेल्या बटू गॅलेक्सीचा तो उरलेला गाभा आहे, आणि २०२४ मध्ये त्याच्या मध्यावरचे काही तारे इतके सुसाट पळताना सापडले की तिथे किमान ८२०० सूर्यांचं कृष्णविवर असावं असं निघतं. मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमाराला दक्षिण क्षितिज मोकळं असेल अशा गच्चीवर जा, गावाच्या दिव्यांपासून लांब असाल तर उत्तमच, दक्षिणेला क्षितिजापासून वीतभर वर बायनॉक्युलर फिरवा. वाटीएवढा कापसाचा बोळा दिसेल. मावशीला मी तोच दाखवणार आहे, चष्मा विसरू नकोस म्हणून आधीच सांगितलंय.