फोन आपटणारा गुरू आणि दहा हजार पौंड

एरिक ब्रिस्टो आणि फिल टेलरची गोष्ट डार्ट्स (गोल बोर्डावर छोटे बाण फेकायचा खेळ) बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. न बघणाऱ्यांपर्यंतही ती 'गुरू असावा तर असा' छापाच्या रील्समधून पोचलेली असते. टेलर नवखा, ब्रिस्टो पाच वेळचा जगज्जेता. टेलर कुठलीशी स्पर्धा खेळतो आणि ब्रिस्टोला फोन करून सांगतो की दुसरा आलो. ब्रिस्टो म्हणतो, जिंकलास की फोन कर, आणि फोन आपटतो. पुढे टेलर १६ वेळा जगज्जेता होतो. खाली टाळ्या, आगीचे इमोजी आणि 'आजकालच्या पोरांना एवढं बोललं तर डिप्रेशन येतं' ही ठरलेली कमेंट.

फोनची गोष्ट खरी आहे, टेलरनेच ती कितीदा तरी सांगितली आहे. पण टेलर त्या फोनमुळे घडला हे मला अजिबात मान्य नाही. टेलर पैशांमुळे घडला. तो भाग रीलमध्ये कधीच नसतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

स्टोक-ऑन-ट्रेंट हे इंग्लंडमधलं कुंभारकामाचं शहर. कपबश्या, टाइल्स, सिरॅमिकचे कारखाने. टेलर तिथलाच, १९६० चा जन्म. कारखान्यात तो टॉयलेट पेपर अडकवायची सिरॅमिकची हँडल्स बनवायचा आणि आठवड्याला पन्नासेक पौंड कमवायचा. पबमध्ये डार्ट्स खेळायचा, बरा खेळायचा, पण बरे खेळणारे तिथे गल्लोगल्ली. पंचविशी उलटल्यावर तो जरा मनावर घेऊन खेळायला लागला. त्याच सुमारास ब्रिस्टो स्टोकच्या बर्सलेम भागात राहत होता. मूळचा लंडनचा, पण महिलांमधली त्या काळची अव्वल खेळाडू मॉरीन फ्लॉवर्स त्याची जोडीदार होती, ती इकडची. दोघांनी बर्सलेममध्ये पब काढला होता. टेलर तिथे जायला लागला.

ब्रिस्टोने या पोरात काहीतरी पाहिलं आणि त्याला साधारण १०,००० पौंड दिले. अट एकच, नोकरी सोड आणि पूर्ण वेळ खेळ.

आता जरा हिशेब करा. आठवड्याला ५० पौंड धरले तर १०,००० म्हणजे २०० आठवडे. जवळपास चार वर्षांचा पगार! संसार असलेल्या कारखान्यातल्या माणसाला कोणीतरी सांगतंय की चार वर्षं घरखर्चाची चिंता करू नकोस, फक्त बोर्डासमोर उभा राहा. यानंतर फोन आपटला काय आणि शिव्या दिल्या काय, माणूस सरावाला उभा राहणारच. उलट फक्त फोन आपटला असता आणि पैसे दिले नसते, तर टेलर दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल्स बनवायला गेला असता. गोष्ट तिथेच संपली असती.

शिवाय वेळ बघा कुठली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डार्ट्स ब्रिटिश टीव्हीवर तुफान चालत होतं. दशक संपता संपता टीव्हीवाल्यांनी एकेक स्पर्धा बंद केली, प्रायोजक पांगले. वर्षातून एक जागतिक स्पर्धा बीबीसीवर, बाकी जवळपास शुकशुकाट. बुडत्या धंद्यात एका अनोळखी खेळाडूवर पैसे लावायचे म्हणजे जुगारच. ब्रिस्टोने तो का खेळला असेल, याचं उत्तर मला त्याच्या हातात दिसतं.

हे समजायला ब्रिस्टो काय चीज होता ते सांगायला हवं. १९८०, ८१, ८४, ८५, ८६, असे पाच जागतिक किताब. डार्ट धरताना करंगळी वर, चहाचा कप धरलेल्या मेमसाहेबासारखी. प्रेक्षक हुर्यो उडवायचे तेव्हा त्याला उलट चेव यायचा. १९८३ ची फायनल त्याच स्टोकमध्ये, जॉलीज नावाच्या क्लबात झाली. समोर कीथ डेलर, पात्रता फेरी खेळून आलेला तेवीस वर्षांचा पोरगा. सेट ५-५, म्हणजे शेवटचा सेट निकाल लावणार. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ५०१ पासून खाली यायचं, एका पाळीत तीन डार्ट, आणि शेवटचा डार्ट डबलच्या पट्टीतच पडला पाहिजे. असा एक डाव म्हणजे लेग, काही लेग मिळून सेट. डबलच्या पट्टीत आकड्याचे दुप्पट, ट्रिपलच्या पट्टीत तिप्पट. मधल्या बुलचे ५०, तोही डबल धरतात. पट्टीची रुंदी सुमारे ८ मिलिमीटर, बोर्ड २.३७ मीटर अंतरावर.

ब्रिस्टोला १२१ हवे होते. पहिल्या दोन डार्टांत ७१ गेले. उरले ५० आणि हातात एक डार्ट. बुल मारला की लेग त्याची, सामना चालू. त्याने बुलकडे पाहिलंच नाही. साधे १८ घेतले आणि ३२ ठेवले, पुढच्या पाळीत आरामात डबल १६ मारायला. का? तर डेलरला १३८ हवे होते, आणि हे पोरगं जगज्जेतेपदाच्या फायनलमध्ये तीन डार्टांत १३८ काही काढत नाही, हा त्याचा अंदाज. डेलरने ट्रिपल २०, ट्रिपल १८, डबल १२ मारले. साठ, चोपन्न, चोवीस. संपलं.

बरेच जण याला ब्रिस्टोचा माज म्हणतात. मला तो माज वाटत नाही. बुल हा छोटा नेम, समोरच्याला अवघड आकडा, म्हणजे कागदावर निर्णय बरोबर होता. पण समोरचा घाबरेल यावर पैज लावायची हा त्याचा स्वभाव यात दिसतो. आपण घाबरत नाही, घाबरतात ते दुसरे. असो, पुढे जाऊ.

आणि मग पाचवा किताब जिंकलेल्या माणसाच्या बोटांनी दगा दिला. १९८६ च्या आसपास ब्रिस्टोला डार्टायटिस झाला. हात मागे जातो, पुढे येतो, पण बोटं उघडत नाहीत. डार्ट सुटतच नाही. रेघेवर उभं राहून हात दोनदा-तीनदा पुढेमागे, शेवटी कसाबसा सुटतो तो कुठेही. दुखत काही नाही, सूज नाही, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. घरी एकट्याने फेकताना कधी नीट जातो, सामन्यात अडकतो. ज्या माणसाची सगळी कमाई 'मी घाबरत नाही' यावर उभी, त्याच्याच हाताने ऐकायचं बंद केलं. वय तेव्हा तिशीच्या आत.

तरीही तो झगडला हे मान्य करायलाच हवं. १९८७ ते १९९१ या पाच वर्षांत चार वेळा जागतिक फायनल गाठली आणि चारही हरला. जॉन लो याच्याकडून, जॉकी विल्सनकडून, डेनिस प्रीस्टलीकडून ६-० असा धुव्वा, आणि १९९० मध्ये स्वतःच पैसे लावलेल्या फिल टेलरकडून ६-१. टेलर त्या स्पर्धेत बिगरमानांकित होता, सट्टेवाले त्याला १२५ ला १ भाव देत होते. जिंकल्यावर बक्षीस २४,००० पौंड. म्हणजे ब्रिस्टोने जे लावले त्याच्या दुपटीहून जास्त, एका स्पर्धेत.

मला वाटतं ब्रिस्टोला स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्याचा हात धरला. हा माझा अंदाज, त्याने असं कुठे म्हटलेलं मला माहीत नाही. पण त्या जागी ठेवून पाहिलं की फोन आपटणं मला गुरूच्या कठोर प्रेमापेक्षा एका चिडलेल्या, अडकलेल्या खेळाडूचं वागणं वाटतं.

पुढचं टेलरचं करिअर सगळ्यांना ठाऊक आहे, पटकन सांगतो. १९९३ मध्ये टीव्ही आणि पैशांवरून मोठी फाटाफूट झाली, १६ खेळाडूंनी जुनी संघटना सोडून वेगळी चूल मांडली, त्यात गुरू-शिष्य दोघेही. आज पीडीसी म्हणून जी गडगंज संस्था दिसते ती तिथून. १९९५ ते २००२ टेलर सलग आठ वर्षं जगज्जेता. शेवटचा किताब २०१३ मध्ये. १ जानेवारी २०१८ ला शेवटची फायनल, वय सत्तावन्न, रॉब क्रॉसकडून ७-२ हार आणि निवृत्ती.

'कठोर गुरू'च्या भक्तांसाठी आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडमधले माजी फुटबॉलपटू पुढे येऊन सांगू लागले की लहानपणी प्रशिक्षकांनी आमचं लैंगिक शोषण केलं. त्यावर ब्रिस्टोने ट्विट केलं की हे खरे मर्द नव्हेत, मोठे झाल्यावर जाऊन त्या माणसाला बदडायला हवं होतं. डार्ट्सवाले कसे टणक आणि फुटबॉलवाले कसे लेचेपेचे, हेही वर. स्काय स्पोर्ट्सने त्याला कामावरून काढलं. नंतर त्याने माफी मागितली. हा वेगळा ब्रिस्टो नव्हता हो. दुसरा आलो म्हणणाऱ्याचा फोन आपटणाराच हा माणूस. एकीकडे ती कडकपणाची कथा डोक्यावर घ्यायची आणि दुसरीकडे हे ट्विट 'म्हातारपणी चळला' म्हणून सोडून द्यायचं, हे मला जमत नाही.

टेलरही धुतल्या तांदळासारखा नाही, हेही लिहून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी आणणारच. २००१ मध्ये दोन तरुणींच्या विनयभंगाबद्दल तो दोषी ठरला, दंड झाला, आणि मिळणार होता तो एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब रद्द झाला. खेळाडू म्हणून त्याच्याएवढा मोठा कोणी नाही, पण त्याचा फोटो देवघरात लावायची गरज नाही.

आता आपल्याकडे या. 'असे गुरू आपल्याकडे का नाहीत' असं मला एकाने विचारलं होतं. अरे बाबा, फोन आपटणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. आखाड्यात, कबड्डीच्या मैदानावर, कॅरमच्या क्लबात, गाण्याच्या क्लासातसुद्धा. नाहीत ते चार वर्षांचा पगार हातावर ठेवणारे. आणि जिथे तो पगार मिळाला तिथे आपल्याकडेही माणसं घडली. पेपरात बातमी कशी यायची आठवा: 'रिझर्व्ह बँकेचा प्रशांत मोरे'. कॅरमचा जगज्जेता, आणि नावाआधी बँक. कबड्डीत एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, रेल्वे. खेळाडू भरतीची नोकरी म्हणजे आपल्याकडचे ते १०,००० पौंड. महिन्याच्या एक तारखेला पगार, सरावाला सवलत, स्पर्धेला रजा. मुंबईच्या चाळींतून आलेल्या पोरांना त्या नोकरीने उभं केलं. मास्तरांच्या कानफटीचे किस्से सत्कारात सांगायला बरे असतात, पण घरचा किराणा नोकरीने भरला.

यावर लोक ल्यूक लिटलरचं नाव घेतात, की अस्सल गुणवत्तेला काही लागत नाही. वॉरिंग्टनचा पोरगा, सोळाव्या वर्षी जागतिक फायनल, जानेवारी २०२५ मध्ये सतराव्या वर्षी मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ हरवून जगज्जेता, बक्षीस ५ लाख पौंड. भारतात ती फायनल मध्यरात्रीनंतर दीडला सुरू होते, तरी आम्ही जागतोच. पण या पोराच्या मागे काय होतं ते बघा. दीड-दोन वर्षांचा असल्यापासून हातात चुंबकी डार्ट्स, सेंट हेलेन्सची डार्ट्स अकादमी, मुलांच्या स्पर्धांचं अख्खं सर्किट, आणि त्याला घेऊन फिरणारे आईवडील. यात आपटलेला फोन कुठे आहे?

आणि लिटलर अपवाद आहे. नियम बघायचा तर टूर कार्डवाल्यांकडे बघा. टूर कार्ड म्हणजे पीडीसीच्या स्पर्धा खेळायचा परवाना. अशी १२८ कार्ड्स, मुदत दोन वर्षं. वर्षभराच्या बऱ्याचशा स्पर्धा विगन, लेस्टर, हिल्डेसहाइमसारख्या ठिकाणी बंद हॉलमध्ये होतात. प्रेक्षक नाहीत, गाणी नाहीत, रांगेने लावलेले बोर्ड फक्त. प्रवास आणि हॉटेल स्वतःच्या खिशातून. पहिल्या फेरीत हरलात तर बॅग उचला. क्रमवारीही कमावलेल्या बक्षिसांवर, तीही मागच्या दोनच वर्षांच्या. दोन वर्षांत पहिल्या ६४ मध्ये नाही आलात तर कार्ड गेलं, परत पात्रता स्पर्धा. रॉब क्रॉस इलेक्ट्रिशियन होता, ल्यूक हम्फ्रीज छपरांची कामं करायचा, फॅलन शेरॉक केशकर्तनाचं काम. २०१९ च्या डिसेंबरात शेरॉक पीडीसीच्या जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली बाई ठरली. ही माणसं वर आली म्हणून आपल्याला नावं माहीत. बाकी कितीजण कार्ड गमावून परत वायरिंग करायला गेले असतील, त्यांनाही कोणीतरी 'जिंकलास की फोन कर' म्हटलंच असेल.

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या नितीन कुमारने लंडनला रिचर्ड व्हीन्स्ट्राला ३-२ हरवलं. पीडीसीच्या जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धिंगाणा. मग एकाने विचारलं, याचा कोच कोण रे? मी विचारलं, याला स्पॉन्सर कोण रे? ग्रुपमधल्या एकालाही माहीत नव्हतं. कोणाला पक्कं ठाऊक असेल तर खाली लिहा. आणि कृपा करून ते रील मला परत टॅग करू नका.