तेल नेपाळचं, बी कुणाचं?

"नेपाळहून तेल स्वस्त येतंय ना? मग येऊ द्या की. सोयावाल्यांना दर वर्षी रडायची सवयच लागलीय."

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर हे वाक्य पडलं. लिहिणारा आपल्याच रामबागेतला, एका बाकावर बसायचो आम्ही, आता बंगळुरूला असतो. खाली लगेच अंगठे. कुणीतरी 'मुक्त व्यापार म्हणजे मुक्त व्यापार' अशी पुस्तीही जोडली. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी म्हटलं, तिथे दोन ओळींत भांडण्यापेक्षा इथे सविस्तर लिहावं. इथे बहुतेक सगळे इंदूरचे, मालव्याचे. घरात नाही तर नात्यात कुणी ना कुणी शेती करणारं आहेच. सोयाबीन म्हणजे आपल्याकडे काय, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

माझा मामा देपालपूरकडे शेती करतो. २०२५ च्या हंगामात मी त्याच्याबरोबर मंडीत गेलो होतो. जेएस ९५-६० या वाणाचं सोयाबीन पेरलं होतं. आधी पिवळा मोझॅक हा रोग आला, मग ऐन काढणीत पाऊस. जेवढं घरात आलं तेवढं मामीने अंगणात पसरून वाळवलं, काडीकचरा हाताने वेचला. ट्रॉली सकाळपासून रांगेत उभी. नीलामीचा घोळका आला, व्यापाऱ्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तळातले दाणे काढून तळहातावर चोळले, एक दाताखाली धरला. "नमी है, दागी है," एवढं बोलून बोली सुरू. अडतीसशेवर थांबली. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल. मामाने वाद घातला नाही. मला म्हणाला, "परत नेऊ म्हणतोस? ट्रॉलीचं भाडं कोण देणार? आणि उद्या हाच माणूस येणार ना बोली लावायला?" चिठ्ठी घेतली, घडी करून खिशात ठेवली.

हा भाव एकट्या नेपाळने पाडला असं मी म्हणत नाही. मामाचा माल डागी होता, हे खरं. सोयाबीनच्या भावात तेलापेक्षा डीओसीचा, म्हणजे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीचा, वाटा मोठा असतो आणि मक्याचं इथेनॉल केल्यावर उरणारा सुका चोथा, डीडीजीएस, पशुखाद्यात स्वस्त पडतो म्हणून डीओसीला उठाव नाही, हेही खरं. आपल्याकडे हेक्टरी टनभर पिकतं आणि ब्राझीलवाला त्याच्या तिप्पट काढतो, तेही ऐकून ऐकून पाठ झालंय. मान्य. पण मामाच्या मागची ट्रॉली स्वच्छ पिवळ्याधमक दाण्यांची होती, तिलाही हमीभाव मिळाला नाही. त्याचं काय सांगणार?

आता 'मुक्त व्यापार'वाल्यांशी बोलतो, कारण ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट आहे. पिथमपूरच्या कारखान्यांचा माल बाहेर जातो, त्याची कागदपत्रं मी करतो. दोन देशांत मालाच्या व्यापाराचा करार झाला की पेपरात मथळा एकच येतो: शुल्क शून्य. करार उघडून बघा, त्यात पानंच्या पानं असतात ती माल नेमका कुठला धरायचा हे ठरवणाऱ्या नियमांची. सवलत त्या देशाच्या मालाला दिलेली असते, त्या देशातून येणाऱ्या टँकरला नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने मुक्त व्यापारावर बोलू नये.

यूएईबरोबरचा आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. आमची एखादी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक कारखाना, दुबईला व्हॉल्व्ह पाठवते तेव्हा सवलतीसाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मूळचा कुठला याचा दाखला, काढावं लागतं. बॉडीचं कास्टिंग कुठलं, स्टेम कुठला, रबराची सील चीनची असेल तर ती किती रुपयांची, मजुरी किती, नफा किती, सगळं ओळीने मांडून द्यायचं. एका सीलचं बिल सापडत नव्हतं म्हणून पार्टीचे अकाउंटंट आणि मी रात्री उशिरापर्यंत फाइली उपसत बसलोय. मला त्याचा राग नाही. करार असाच राबवायला हवा.

मग हाच काटेकोरपणा नेपाळ सीमेवरच्या नाक्यांवर, रक्सौल-जोगबनीला, कुठे जातो?

भारत-नेपाळ व्यापार करारातली अट साधी आहे. तिसऱ्या देशाचा कच्चा माल तयार मालाच्या किमतीच्या ७० टक्क्यांच्या वर नको, म्हणजे निदान ३० टक्के मूल्य नेपाळात वाढलं पाहिजे. आणि कच्च्या मालाचं व तयार मालाचं एचएस शीर्षक, म्हणजे जगभर चालणारा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, चार आकड्यांपर्यंत वेगळं झालं पाहिजे. साफ्तातही, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारातही, नेपाळसारख्या अल्पविकसित देशांसाठी मूल्यवर्धनाची अट ३० टक्क्यांचीच. आता कच्च्या सोयातेलाचं शीर्षक बघा: १५०७. रिफाइंड सोयातेलाचं? तेही १५०७! म्हणजे शीर्षक बदललंच नाही. रिफायनरीत तेलातला डिंक काढतात, आम्लता मारतात, रंग उडवतात, वास काढतात. एवढ्याने किंमत ३० टक्क्यांनी वाढते का, हे इंदुरातल्या कुठल्याही तेल मिलवाल्याला विचारा. अर्जेंटिनाचं नाही तर ब्राझीलचं कच्चं तेल आपल्याच हल्दिया-कोलकात्याला उतरतं, आपल्याच रस्त्यांवरून नेपाळात जातं, तिथे शुद्ध होतं आणि नेपाळी बनून बिनशुल्क परत येतं. तिकडे कुणी बी आणून गाळप करत असेल तर बियांचं शीर्षक १२०१ आणि तेलाचं १५०७, तिथे अट पुरी होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नेपाळच्या निर्यातीत सोयातेल पहिल्या नंबरावर जाऊन बसावं एवढं सोयाबीन त्या डोंगरांत पिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. १४ सप्टेंबर २०२४ आठवा. तेव्हा आपल्याकडे सहा हजार भावासाठी ट्रॅक्टर रस्त्यावर आले होते. सरकारने कच्च्या तेलावरचं शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर आणि रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ वर नेलं, सगळे अधिभार धरून. कशासाठी? आमच्या सोयाबीनला आधार मिळावा म्हणून. मामाने तेव्हा मला मुद्दाम फोन केला होता, "ऐकलंस का, शुल्क वाढवलंय, आता सुधारेल." त्याला वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. पण शुल्काची भिंत जितकी उंच केली, तितका नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाचा फायदा वाढला, कारण त्यांच्यासाठी शुल्क शून्यच राहिलं. जे आमच्यासाठी केलं होतं त्यातून कमाई झाली ती सीमेवरच्या मूठभर व्यापाऱ्यांची. इकडे तिजोरीत शुल्क आलं नाही आणि तिकडे मामाला भाव आला नाही. मग २०२५ च्या मे अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क खाली आणून १६.५ केलं. रिफाइंडचं तसंच ठेवलं, आपल्या रिफायनऱ्या चालाव्यात म्हणून. ठीक आहे, गृहिणीला तेल परवडलं पाहिजे, सणासुदीला डबा महाग झाला की माझ्याही घरात चर्चा होते. पण नेपाळची फट उघडीच राहिली.

२०२५ च्या हंगामात राज्याची भावांतर योजना होती, हे कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. होती, आणि मामाने नोंदणीही केली होती. पण त्यात हमीभाव आणि सरकारने मंड्यांतल्या भावांच्या सरासरीवरून काढलेला मॉडेल दर यातला फरक मिळायचा होता. मामाचा माल मॉडेल दराच्याही खाली गेला, तेवढा खड्डा त्याचा त्यालाच भरायचा होता. आणि जो फरक मिळायचा तो कुणाच्या पैशातून? तुमच्या-माझ्या करातून. सीमेवर बुडालेलं शुल्क वसूल करायचं नाही आणि त्याची भरपाई राज्याच्या तिजोरीतून करायची, हा कुठला हिशोब?

नेपाळवर माझा राग नाही, हे लिहिताना मुद्दाम थांबून सांगतोय. त्या देशाला समुद्र नाही, त्यांचा बराचसा बाहेरचा माल आपल्याच बंदरांतून जातो, मोठ्या शेजाऱ्याने थोडं झुकतं माप द्यायलाच हवं. करारात सवलती एकतर्फी आहेत त्या याच भावनेने, आणि ती भावना चांगली आहे. तिथल्या तागाला, आल्याला, वेलदोड्याला, कारागिरांच्या मालाला आपला बाजार मिळावा. तराईतल्या शेतकऱ्याने तेलबिया पिकवाव्यात आणि त्याचं तेल इथे बिनशुल्क यावं, मी आनंदाने विकत घेईन. पण आज येणाऱ्या तेलात त्या शेतकऱ्याच्या शेतातलं काय आहे? तो आणि मामा, दोघंही या धंद्यात कुठेच नाहीत. नेपाळच्या नावाचा शिक्का वापरणारे वेगळेच आहेत, आणि आमच्या ग्रुपवरचे हुशार लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतायत.

असं पहिल्यांदा घडतंय असंही नाही. १९९६ साली नेपाळच्या करारातली मूल्यवर्धनाची अट काढून टाकली होती. मग मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलातून केलेलं वनस्पती तूप धो धो यायला लागलं. २००२ साली अट परत घालावी लागली आणि वनस्पतीला वर्षाला एक लाख टनांचा कोटा ठरला, त्याच्या वर आलं तर नेहमीचं शुल्क. श्रीलंकेचा करार २००० साली लागू झाला, तिथेही वनस्पतीचा हाच खेळ झाला, तिथेही कोटा आणावा लागला. केरळच्या मिरीवाल्यांचं तर विचारूच नका. व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून यायची, शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये किलोला ५०० रुपयांची किमान आयात किंमत लावली तेव्हा कुठे जरा चाप बसला. म्हणजे रोग माहीत आहे आणि औषधही माहीत आहे. मिरीवाले ओरडले तेव्हा त्यांना कुणी 'रडायची सवय' म्हटलं होतं का?

२४ जुलै २०२५ ला ब्रिटनबरोबर करारावर सह्या झाल्या. दूधदुभतं, सफरचंद, खाद्यतेल यांना सवलतीतून बाहेर ठेवलं म्हणून आपण सगळ्यांनी कौतुक केलं. मीही पोस्ट टाकली होती, आणि आजही म्हणेन की ते बरोबर केलं. पण ब्रिटन आपल्याला कुठे तेल विकायला बसला होता! पुढच्या दाराला कुलूप घालून कौतुक करून घ्यायचं आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, असं झालं हे.

कायदे नाहीत असंही नाही. सीमाशुल्क कायद्यात २०२० साली कलम २८डीए आलं आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून कॅरोटार नियम लागू झाले. सवलत घेणाऱ्या आयातदाराने माल त्या देशाचा कसा झाला याची माहिती स्वतःकडे ठेवली पाहिजे, फॉर्म-१ मध्ये, पाच वर्षं, आणि अधिकाऱ्याने मागितली की दिली पाहिजे. नुसतं सर्टिफिकेट दाखवून हात झटकता येत नाहीत. शंका असली तर समोरच्या देशाकडून पडताळणी करून घेता येते, तोवर सवलत थांबवता येते. सगळं लिहिलेलं आहे. मला एवढंच हवंय की आमच्या पार्टीच्या रबराच्या सीलला जेवढे प्रश्न विचारले जातात, तेवढे त्या टँकरमधल्या तेलालाही विचारावेत.

माझ्या बंगळुरूच्या मित्रा, तू वाईट माणूस नाहीस. कोरोनात तू इथल्या कितीजणांना मदत केलीस ते मला माहीत आहे, म्हणूनच तुझं ते वाक्य जास्त लागलं. तुझ्या आजोबांचीही महूकडे जमीन होती. पावसाळ्यात काळी रानं पडीक ठेवायचे लोक, चिखलात काही घेता यायचं नाही. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि त्याच पडीक महिन्यांचा पैसा झाला. त्यातून पोरं शिकली, इंदुरात घरं झाली, कितीतरी पोरं बंगळुरूला गेली. देशाची सोयाबीन संशोधन संस्था उगाच इंदुरात नाही. आणि आता मामा विचारतोय की पुढच्या वर्षी सोया सोडून मका लावू का. लाव म्हणू? मक्याचं पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. शेजारच्या दोघांनी यंदाच लावलाय. उद्या इथलं सोयाबीन कमी झालं की तुझं स्वस्त तेल स्वस्त राहील का रे? आजच निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो.

मागणी फार मोठी नाही. वनस्पतीला लावला तसा रिफाइंड सोया आणि पामतेलाला वार्षिक कोटा, तोही नेपाळच्या स्वतःच्या कुवतीचा अंदाज घेऊन. आयात मोकाट न होता एखाद्या सरकारी संस्थेमार्फत. आणि मूल्यवर्धनाची खरोखरची तपासणी, खर्चाच्या तक्त्यासकट. नेपाळचा करार सात-सात वर्षांनी आपोआप पुढे सरकतो, तोवर कुणी हलत नाही. म्हणून आतापासून मागे लागायला हवं.

इंदूर, देवास, उज्जैन, धार या चारही खासदारांना पाठवायला मी पत्र लिहितोय, मराठीत नाही, हिंदीत. करारातल्या कलमांचे आणि १५०७ शीर्षकाचे उतारे सोबत जोडतोय. सियागंजात जे मित्र तेलाच्या व्यापारात आहेत त्यांनी मला मेसेज करा, नेपाळचा माल आपल्याकडे कोणत्या भावाने विचारला जातोय ते मला त्यात घालायचंय. तुमचं नाव येणार नाही. सही करायची असेल त्यांनी खाली नाव आणि गाव लिहा. शेती असेल तर तेही लिहा.