भावंडांच्या नावांवरून आजोबा ठरत नाहीत

ज्यू घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, मुलींना त्याच क्रमाने आज्यांची, म्हणून भावंडे वयानुसार मांडली की वरची पिढी आपोआप मिळते, आणि एकाच नावाचे दोघे सख्खे भाऊ असूच शकत नाहीत.

हा क्रम सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यू घराण्यांत बराचसा आढळतो, कारण तेथे हयात आजोबांचे नाव नातवाला देणे हा त्यांचा मान समजला जातो. पोलंड-लिथुआनियाकडच्या अश्केनाझींमध्ये, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातील ज्यूंमध्ये मात्र हयात नातलगाचे नाव ठेवणे अशुभ मानत, त्यामुळे तेथे क्रम ठरे तो घरातल्या मृत्यूंवरून. थोरला जन्मला तेव्हा दोन्ही आजोबा धडधाकट असतील, तर त्याला पणजोबांचे किंवा निवर्तलेल्या काकांचे नाव मिळे, आणि आजोबांचे नाव चौथ्या मुलापर्यंत किंवा चुलत घरापर्यंत लांबे. समजा, १८५२ मध्ये जन्मलेल्या नातवाला आजोबांचे नाव आहे. तर आजोबा बहुधा त्याआधी वारले होते आणि त्यांची मृत्युनोंद मागच्या वर्षांत शोधावी, एवढाच उपयोग या रीतीचा करता येतो.

एकाच नावाच्या भावांचा नियम तर कागदावर टिकतच नाही. हिब्रू आणि यिद्दिश (अश्केनाझींची रोजची बोली) अशी जोडनावे रूढ होती, त्यामुळे एक भाऊ त्स्वी हिर्श आणि दुसरा नफ्ताली हिर्श असू शके. कारकुनाने मात्र दोघांनाही नुसते ‘हिर्श’ लिहिले. यहूदा लेब आणि आर्ये लेब यांचेही तेच. सावत्र भावंडांमध्ये तर नाव जुळणे हा निव्वळ योगायोगही असतो.

उलटही घडते. जन्मनोंदीतला हिर्श थडग्यावर त्स्वी (यिद्दिश हिर्श आणि हिब्रू त्स्वी, दोन्हींचा अर्थ हरीण) आणि अमेरिकेच्या कागदांत हॅरी होतो, आणि शोधणारा एका माणसाचे तीन भाऊ करून मोकळा होतो. मराठी वाचकांना याचे नवल वाटू नये: १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधणारे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू, सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर.

नाते ठरवायला आईवडिलांची नावे लागतात. थडग्यावर बहुधा फक्त वडिलांचे हिब्रू नाव असते. रशियन अमलाखालील पोलंडमध्ये १८२६ पासून ज्यूंच्या नोंदवह्या वेगळ्या ठेवल्या जात आणि विवाहनोंदीत वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावे येत. दोन हिर्शांच्या विवाहनोंदींत वडील तेच आणि माहेरच्या आडनावासह आईही तीच निघाली, तर ठोकताळा काहीही म्हणो, ते भाऊच मानावे लागतात.