डेंग्यू कोगनोळी नाक्यावर अडत नाही

पावसाळा लागला की आमच्या बेळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: डेंग्यू पुण्या-मुंबईचे लोक आणतात, कोरोनात केली तशी महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी लावा, गटारीत औषध आणि गल्लीत धूर मारा, साथ बंद. शिवाय एकदा झाला की पुन्हा होत नाही. हे वाचून लोक निर्धास्त होतात, मला काळजी त्याचीच आहे.

बाहेरून विषाणू येतो, नाही असं नाही. पण लागण झालेल्या चौघांपैकी साधारण तिघांना काहीच जाणवत नाही. नाक्यावर कपाळाला थर्मामीटर लावून ते सापडायचे कसे? आणि माणसं काय पुण्याहूनच येतात? खानापूरहून कॉलेजला, येळ्ळूरहून बाजाराला, निपाणीहून दवाखान्याला रोज बसगाड्या भरून येतात. एका भागातून दुसऱ्या भागात विषाणू जातो तो असा, माणसाच्या रक्तातून. डेंग्यूचा डास, एडिस, स्वतः फार लांब उडत नाही. बहुतेकदा जन्मला त्या घराच्या आसपासच राहतो. शहरभर नेतो माणूस, गल्लीत मुरवतो घरचा डास. माणसांची ये-जा थांबणार नाही. डास थांबवता येतो.

गटारीचं म्हणाल तर मेसेज सगळ्यात मोठा घात तिथेच करतो. गटारीच्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स, हा वेगळा डास. एडिसला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं, पण कित्येक गल्ल्यांत अजून नळाची वाट बघावी लागते, म्हणून दारोदारी बॅरल. वडगावात मावशीच्या परसातल्या बॅरलात मी टॉर्च मारला, तर वर लोंबकळणाऱ्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. मावशी म्हणाली, "ताजंच पाणी हाय की रे, परवा तर भरलंय!" पाणी ताजंच होतं, बॅरल घासलेलं नव्हतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या कडेला चिकटवून. कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने टिकतात. नळ आला, जुन्या पाण्यावर नवं ओतलं, की भिजून फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास बाहेर. नुसतं ओतून देऊन भागत नाही. आठवड्यातून एकदा आतली कड खरखरून घासायची आणि तोंडाला फडकं घट्ट बांधायचं. मावशीनं त्याच दुपारी घासलं.

धुरानं उडता डास मरतो, अळीला काही होत नाही. शिवाय धुराची गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो, मग पलंगाखालचा डासही वाचतो. कर्नाटक सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं, तेव्हा दंड ठेवला तो डास वाढू देणाऱ्या घरांना: शहरात ४०० रुपये, खेड्यात २००.

आणि 'पुन्हा होत नाही' हे तर धोक्याचं आहे. विषाणूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर आजार बळावण्याची शक्यता वाढते. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सगळ्यात जपायचे. तेव्हा पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.