ख्रिश्चन-मुस्लिम संवाद म्हणजे नुसतं फोटोसेशन? त्या मेसेजला माझं उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की ख्रिश्चन आणि मुस्लिम चौदाशे वर्षं फक्त लढतच आलेत, ज्याची श्रद्धा पक्की आहे तो दुसऱ्या धर्माशी संवाद करूच शकत नाही, हे सगळं पोप आणि मोठ्या इमामांचं फोटोसेशन आहे, आणि बोलून दंगली थांबत नाहीत. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण या कामात लोकांनी जीव धोक्यात घातलाय आणि ते सगळं असं चार ओळीत उडवून लावायचं म्हणजे फारच झालं.

"फक्त लढाई" आधी घेऊ. लढाया झाल्या, भरपूर झाल्या, कोणी नाही म्हणत नाहीये. पण मक्केत छळ सुरू झाल्यावर पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशच्या (म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या) ख्रिश्चन राजाने, इस्लामी परंपराच हे सांगते. आठव्या शतकात बगदादमध्ये खलिफा अल-महदी आणि तिथल्या पूर्वेकडच्या ख्रिश्चन चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क टिमोथी यांनी समोरासमोर बसून येशू कोण, मुहम्मद कोण यावर वाद घातला, आणि त्यानंतरही टिमोथी कितीतरी वर्षं त्याच पदावर होते. १२१९ ला तर ऐन क्रुसेड, म्हणजे मुसलमानांविरुद्धचं ख्रिश्चनांचं धर्मयुद्ध, चालू असताना ख्रिश्चन संत असिसीचे फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतानाला, अल-कामिलला, भेटायला शत्रूच्या छावणीत गेले आणि सुखरूप परत आले. एवढं पुरे.

दुसरा मुद्दा मला जास्त खटकतो, कारण तो ऐकायला पटतो. संवाद म्हणजे आपला धर्म पातळ करणं, असं लोकांना वाटतं. पण १९६५ चं व्हॅटिकन कौन्सिलचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या महासभेचं, इतर धर्मांबद्दलचं घोषणापत्र 'नोस्त्रा एताते' बघा, त्यात मुसलमानांबद्दल आदर आहे असं लिहिलंय आणि तिथेच हेही स्पष्ट लिहिलंय की ते येशूला देव मानत नाहीत, पैगंबर मानतात, मरियमला मान देतात. फरक झाकलेला नाही, सरळ मांडलाय. किंवा २००६ चं घ्या, पोप बेनेडिक्ट यांच्या रेगेन्सबर्गच्या भाषणातल्या इस्लामवर टीका करणाऱ्या एका जुन्या उद्धरणावरून जगभर संताप उसळला, त्याला उत्तर म्हणून आधी ३८ मुस्लिम विद्वानांनी खुलं पत्र लिहिलं आणि पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, १३८ जणांनी 'अ कॉमन वर्ड' लिहिलं, की देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम या दोन गोष्टी दोघांकडे आहेत, तिथून बोलू. आणि २००८ ला रोममध्ये दोन्ही बाजू खरंच बसल्या. यातला एकही माणूस श्रद्धेने कच्चा नव्हता! उलट ज्याला स्वतःचा धर्म नीट माहिती नाही त्याच्याशी काय संवाद करणार, तो नुसतं "सगळे धर्म सारखेच" म्हणून उठून जाईल, आणि ते खरं पण नाहीये.

आता फोटोसेशन. हो, २०१९ ला अबुधाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठ-मशिदीचे मोठे इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या तेव्हा फोटो निघाले, निघणारच. पण मेसेजवाल्याने बांगीकडे का नाही बघितलं? मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकाच्या या राजधानीत २०१३ च्या डिसेंबरमध्ये कापाकापी चालू होती, मुसलमान शोधून मारले जात होते, तेव्हा इमाम ओमार कोबिने लायामा यांना कुटुंबासकट कॅथलिक आर्चबिशप न्झापालाइंगा यांनी स्वतःच्या घरात ठेवलं, थोडेथोडके दिवस नाही, काही महिने. हे दोघं आणि एक इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) पाद्री असे तिघं मिळून गावोगाव फिरले, लोकांना सांगत की हे धर्मयुद्ध नाही, सत्तेसाठी आपल्याला वापरतायत. आणि केनियात २०१५ ला मंडेराजवळ अतिरेक्यांनी बस अडवून ख्रिश्चन वेगळे काढा म्हटलं तेव्हा मुस्लिम प्रवाशांनी नकार दिला, बायकांनी आपले स्कार्फ ख्रिश्चन बायकांना दिले. तिथे कुठला पोप आणि कुठला इमाम होता?

राहिलं "बोलून दंगल थांबत नाही". यावर मी उगाच गोड बोलणार नाही. नायजेरियातल्या काडुनाचे पाद्री जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशाफा, दोघंही आधी आपापल्या टोळ्यांच्या बाजूने लढणारे, १९९२ च्या हिंसेत वुयेंचा हात गेला, अशाफांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले, दोघांच्याही डोक्यात बदला होता. १९९५ ला भेटले आणि पुढे मध्यस्थीचं काम उभं केलं, आणि हे करताना वुये पाद्रीच राहिले, अशाफा इमामच. त्यांच्याच प्रयत्नाने २००२ च्या ऑगस्टमध्ये काडुनात दोन्ही धर्मांच्या नेत्यांनी शांततेचा जाहीरनामा केला, आणि नोव्हेंबरमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धेवरून तिथेच परत दंगल पेटली, माणसं मेली. म्हणजे मेसेज बरोबर? नाही, कारण ते दोघं तिथेच थांबले नाहीत. २००४ ला नायजेरियातल्याच येल्वा गावात कत्तल झाली तेव्हा तिथे जाऊन त्यांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं, लोक एकमेकांवर ओरडले, आपली मेलेली माणसं मोजली, आणि त्यानंतर तिथे समझोता झाला. एकदा बोललं की कायमची शांतता, असा दावा त्या दोघांनीही केलेला नाही, तो त्या मेसेजने स्वतःच त्यांच्या तोंडी घालून स्वतःच खोडलाय.