लेकॉकची एला आणि आमच्या ग्रुपवरचं भांडण

अहिल्याबाईंच्या जन्माची त्रिशताब्दी 2025मध्ये साजरी झाली, पण आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ती अजून सरलेली नाही. पुण्याचा मावसभाऊ, त्याला मी दादा म्हणते, लिहितो: ‘बाईंनी देवळं बांधली, घाट बांधले. पुण्यकर्मच ते. त्याला राज्यकारभार कशाला म्हणायचं?’ लगेच एक काका बाह्या सरसावतात: ‘तेव्हा युरोपात बायकांना काडीची किंमत नव्हती, आपल्याकडे राणी होती!’ दोघांनीही इंग्लंडमधला विल्टशर परगणा पाहिलेला नाही. मी तिथे स्विंडनला राहते, त्यामुळे काकांना गप्प करायचा हक्क माझाच.

सॅल्सबरीची काउंटेस एला. बाप 1196मध्ये वारला तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची, आणि अख्ख्या जहागिरीची एकटी वारस. राजाने तिचं लग्न आपल्या सावत्र भावाशी, विल्यम लाँगस्पेशी, लावून दिलं. पुढे गॅस्कनीहून येताना विल्यमचं जहाज वादळात भरकटलं आणि तो मेल्याची आवई उठली. तेवढ्यात राज्याचा मुख्य न्यायाधिकारी ह्यूबर्ट द बर्ग याचा पुतण्या नवरदेव बनून दारात हजर! एलाने त्याला वाटेला लावलं. नवरा जिवंत परतला खरा, पण 1226च्या मार्चमध्ये गेला. विधवेवर लग्नाची सक्ती करू नये, हे कलम मॅग्ना कार्टात, राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेत, होतंच. एलाने पुन्हा लग्न केलं नाही. 1225च्या त्या सनदेची एक प्रत पुढे शतकानुशतकं विल्टशरमधल्या लेकॉक गावीच होती, जिथे एलाने पुढे मठ स्थापला. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आणि ही बाई विल्टशरची शेरीफ झाली. एकदा नव्हे, दोनदा. राजाचा वसूल आणि परगण्याचा बंदोबस्त शेरीफकडे असे. काकांनी इथे जरा थांबावं.

आता दादा. शेरीफ असतानाच, 16 एप्रिल 1232 रोजी, एलाने एकाच दिवशी दोन मठ स्थापले, असं परंपरा सांगते: सकाळी लेकॉकला जोगिणींचा, दुपारी हिंटनला कार्थुसियन पंथाच्या एकांतवासी साधूंचा. नवऱ्याने त्या साधूंना हॅदरॉपला जागा दिली होती, ती त्यांना रुचली नाही, म्हणून हिने दुसरी शोधली. याला नुसतं पुण्य म्हणायचं? वारसाहक्काची जमीन एकदा मठाच्या नावे झाली की ती सहजासहजी कुणाला गिळता येत नाही, ना राजाला ना जावयाला. लेकॉकमध्ये तर सगळा कारभार बायकांच्याच हाती. अहिल्याबाईंनीही दानधर्म खासगीतून केला, दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, आणि तो हिशेब त्यांनी चोख वेगळा ठेवला. हिशेब ठेवता येणं म्हणजे कारभार नाही, तर मग काय?

एला पुढे स्वतःच जोगीण झाली, हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. दादाच्या हाती आयतं कोलीत गेलं असतं. तसं पाहिलं तर तिथेही ती मठाधिपती होऊनच राहिली, 1257पर्यंत, आणि 1261मध्ये वारली. मठ 1539मध्ये आठव्या हेन्रीने मोडला. चर्च पाडलं गेलं, ओवऱ्या उरल्या.

दादाने यातल्या एकाही मुद्द्याला हात लावला नाही. त्याने एवढंच विचारलं, ‘तू महेश्वर पाहिलंयस का?’

नाही पाहिलं. तो तीनदा जाऊन आलाय. माझ्याकडे जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टचं कार्ड आहे, भारतातून कुणी आलं की मी त्यांना लेकॉकला नेते, मुलं हॅरी पॉटरच्या सिनेमात दिसलेल्या ओवऱ्या बघतात. तिथल्या स्वयंसेवक आजीबाईंना मी काशी विश्वेश्वराचं देऊळ, नर्मदेचे घाट असं काय काय अभिमानाने ऐकवते. त्या विचारतात, किती सुंदर असेल ना! मीही, पाहिल्यासारखी, हो म्हणते.

दादाला उत्तर दिलं, डिसेंबरात येतेय, तेव्हा जाऊ. डिसेंबरात आम्ही स्पेनच्या टेनेरिफ बेटावर चाललोय, तिकिटं काढून झालीत.